हनुवटीपर्यंतचा पदर

माही पोरगी कौतिका पाच वर्सांची, पन वर्सभरापासून ऐके ते फक्त माह्या मोठ्या जाऊबाईचं, जिजाबाईचं. नऊ महिने पोटात वागवली मी, अन् "हौ, मोठीमाय" म्हनत धावे जिजाबाईकडं! ओसरीवर भासरे, म्हंजे जाऊबाईचा मालक, बसलेले असत. त्यायच्यासमोर मोठ्यानं कसं बोलावं? पदराआडून मी हळूच धा हाका मारल्या तरी पोरगी ढिम्म. जाऊबाईले सोताचं लेकरू नाही, म्हनून माहं घेतलं. आयत्या बिळावर नागोबा! माह्या अंगाचा नुसता तिळपापड होये. एकदा पोरीले थापड मारली. जाऊबाईनं तिले पोटाशी धरलं, तवा वाटलं, हिलेही एक ठेवून द्यावी.

मंग शाळेतल्या गुरुजीनं निरोप धाडला, पोरीले ऐकू येत नाही म्हनून. "तिले सारं ऐकू येते, मायचंच तेवढं येत नाही," मी फणकारली. तरी आमच्या लामत्याहून बसनं आम्ही दोघी जावा तिले बालाघाटले घेऊन गेलो.

डॉक्टरनं कानात उजेड पाडून पाह्यला. "पडद्यामागं पाणी साचलंय. सर्दीनंतर पुष्कळ लेकरांना होतं हे. बहुतेकांचं आपोआप आटतं. तीन महिने पाहू. नाहीच आटलं, तर पडद्याला बारीक चीर देऊन काढू. कानात तेल घालू नका."

"मंग मोठीमायचं बरं ऐकू येते?" मी इचारलं.

डॉक्टर हसले. जाऊबाईले पोरीच्या मागं उभं केलं अन् हळू हाक मारायले लावली. कौतिका टेबलावरची दौत पाहत राह्यली. समोरून मारली, तं लगेच "हौ!"

"ओठ पाहून समजते ती. समोर बसून, मोठ्यानं बोलत जा."

खोटं काहून बोलू? जाऊबाईनं मागून हाक मारली अन् पोरगी वळली नाही, तवा मले आनंद झाला. लेकराच्या कानात पानी, अन् माय खुश! मंग सोताचीच लाज वाटली. सासरे गेल्यापासून जाऊबाईले घरात कोनासमोर तोंड झाकावं लागत नव्हतं. माहा पदर मात्र भासऱ्यायपायी दिवसभर हनुवटीपर्यंत. माह्ये ओठ पोरीनं पाह्यलेच कवा? अन् वरून मी तिले मारलं.

संध्याकाळी भासरे ओसरीवर सुतळी वळत होते. मी पोरीसमोर बसली अन् पदर डोक्सावर सारला.

"कौतिका! ये, मायजवळ जेव!"

साऱ्या घरानं ऐकलं. भासऱ्यायनं चटकन पाठ फिरवली. "चालू दे, चालू दे," म्हनले.

पोरीनं माह्या ओठाले बोट लावून पाह्यलं. "हौ, माय."

माह्या डोळ्याले पानी आलं. वर पाह्यलं, तं जाऊबाई दारात उभी. हातात पोरीसाठी कालवलेल्या भाताचं ताट. तिचं तोंड पाहून मले समजलं, तिच्या पोटात काय जळून राह्यलं. वर्सभर माह्याही तेच जळत होतं.

"बसा ना बाई, संगच जेवू," मी म्हनली.

पन ताट तिच्या हातातून मीच घेतलं.