निर्मळ म्हणून आणलेली हळद

समता खामगावच्या एका खासगी प्रयोगशाळेत मसाले तपासायची. यंत्र नीट मोजतंय ना, हे पाहायला तिथं एक निर्मळ नमुना लागतो. त्यात ठरावीक शिसं घालायचं आणि यंत्र तेवढंच दाखवतं का, ते बघायचं. त्यासाठी तिनं रोहिणखेडहून घरची हळद आणली. तिची आई रुख्मिणी दरसाल जळगाव जामोदच्या बाजारातून अख्खी हळकुंडं आणून दळून घ्यायची. अख्ख्या हळकुंडात कोण काय मिसळणार?

शिसं घालायच्या आधीच यंत्रानं मर्यादेच्या कितीतरी पुढचा आकडा दाखवला. काचेची भांडी धुण्यात चूक झाली असेल, म्हणून समतानं सगळी आम्लात भिजवून पुन्हा तपासणी केली. पुन्हा तेच.

"हळकुंडं पॉलिश करताना वरून पिवळा रंग चोळतात, त्यात शिसं असतं," सोबतची संजीवनी म्हणाली. मग तिनं आवाज उतरवला. "घरी लहान कोणी आहे?"

होता. समताच्या भावाचा मुलगा धम्मरत्न. तीन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता, मधूनच पोट धरून रडायचा. अंगात ताकद यावी म्हणून आजी त्याला रोज हळद घातलेलं दूध पाजायची.

त्याचं रक्त तपासलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रक्तातलं शिसं हळूहळू उतरेल. पण मेंदूवर जो परिणाम झाला, तो भरून येईल असं मी म्हणणार नाही."

समतानं घरी येऊन सांगितलं. रुख्मिणीला आधी पटेचना.

"म्या माह्या हातानं निवडली वं हयद. खडा नाई, माती नाई."

"दिसत नाही माय ते."

"मंग मले कसं समजावं?"

रुख्मिणी उठली. गल्लीत जिला जिला हळद दिली होती, तिच्या दारी जाऊन परत मागू लागली. कोणी हसलं. एकीनं तर, इतका झक्क रंग दुसरीकडे मिळत नाही म्हणत डबा आत ठेवून दिला.

शेवटी ती समताला घेऊन इमामबीकडे गेली. त्यांची लेक महनूर बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

"हयद तं सरली बाई," इमामबी म्हणाल्या. "महनूरच्या दुधात रोज तुमचीच टाकत होतो. बाजारच्या हयदीचा काय भरवसा?"

आत पाळण्यातलं बाळ कुरकुरत होतं. रुख्मिणी दोन पावलं मागं सरकली. त्या हळदीत शिसं होतं, हे समतालाच सांगावं लागलं. इमामबी दारातच खाली बसल्या.

त्या दिवसापासून रुख्मिणी चुलीपाशी गेली नाही. धम्मरत्न हात पसरून तिच्याकडे यायचा, तेव्हा ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची आणि सुनेला हाक मारायची, "ने वं याले. माह्याजवय नको देऊ."