एकाच हाताची तीट

काजळाच्या डबीचं झाकण एका बाईच्या अंगठ्याखाली टक्कन बसलं, आणि तिसऱ्या खाटेवरच्या बाळाच्या डाव्या गालावर, कानाच्या पाळीशी, ताजी तीट दिसली. गोल, मसुराच्या दाण्याएवढी. सलाइनची बाटली टांगता टांगता संयोगिताचा हात थांबला. अशीच तीट आज आणखी कुठंतरी पाहिली होती... कुठं? डोकं चालेना. काल रात्रीपासून ती ड्यूटीवर होती, सकाळची सिस्टर आलीच नव्हती, आणि आता भेटीच्या वेळेला बाळंतिणींच्या त्या वॉर्डात माणसांची, डब्यांची, शेपूच्या भाजीची नि डिंकाच्या लाडवांची जत्रा भरली होती. पोटऱ्यांचे दगड झाले होते. कुणीतरी 'सिस्टर' म्हटलं की रडूच येईल, असं वाटत होतं.

सातव्या खाटेवर. हो, सृष्टीच्या मुलीला. आणि पाचव्यावरच्या जुळ्यांनाही... तीच जागा, तोच आकार.

तीट लावायची प्रत्येक घराची तऱ्हा निराळी. म्हसवडला, तिच्या माहेरी, कपाळाच्या कडेला लावतात, सासरी तळपायाला, कुणी हनुवटीवर, कुणी नुसतं बोट टेकवल्यासारखी. तीन घरांची बाळं आणि तीट एकाच हाताची, हे कसं?

"ह्या मावशी तुमच्या का?" बाई पुढं सरकल्यावर तिनं तिसऱ्या खाटेवरच्या जरिनाला हळूच विचारलं.

"न्हाई वो. त्या सातव्या खाटेच्या. लय मायाळू हायत. मी जेवती तवा पोराला घेऊन बसत्यात."

सातव्या खाटेवर सृष्टी भाकरी कुस्करत होती. "आमच्या? न्हाई. नवव्या खाटेवरच्या बाईची सासू न्हवं का ती?"

नवव्या खाटेवरची बाळंतीण सकाळीच घरी गेली होती.

पोटात तो ओळखीचा खड्डा पडला. संयोगितानं ॲप्रनच्या खिशातून पित्ताची गोळी काढून चघळली. इतकी वर्षं सगळ्यांनी हसून हसून तिला पटवलं होतं, की हा खड्डा म्हणजे पित्त. आई म्हणायची, मन चिंती ते वैरी न चिंती. नवरा, धैर्यशील, चार पाहुण्यांत सांगायचा, हिला पोलिसातच घालायला हवी होती, दूधवाल्याच्या तोंडाकडंसुद्धा दोनदा बघते. पाहुणे हसायचे, तीही हसायची... मग हळूहळू ती आपल्या मनाला दुखऱ्या दाढेसारखं वागवायला लागली, त्या बाजूनं चावायचंच नाही. असेल बाई कुणाची तरी. खालच्या वॉर्डातल्या कुणाची. पोटी पोर नसेल, म्हणून येत असेल जीव रमवायला. आणि मी तिच्या मायेवर संशय घेणार? मी कोण?

तरी ती त्या बाईजवळ गेली. कामाच्या निमित्तानं, चादर ओढता ओढता, शक्य तितक्या सैल आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही कुठल्या खाटेच्या?"

बाईनं मान वर केली. चेहरा गोड होता. अगदी कुणाच्याही मावशीचा.

"आवं, समद्या आपल्याच हायत की."

काय सुंदर उत्तर होतं! संयोगिताला हसूच आलं, लाजही वाटली, आणि एवढा सुटल्यासारखा आनंद झाला की ती टेबलाशी जाऊन बसली आणि तिनं डोळे मिटले. एकच मिनिट. बसू दे मला. कुणी काही चोरत नाही, कुणी कुणाचं वाईट करत नाही, समद्या आपल्याच...

डबा नव्हता.

डोळे मिटलेलेच होते, तरी स्वच्छ दिसलं. इथं येणारी प्रत्येक बाई भरला डबा घेऊन येते आणि जाताना नळाशी उभी राहून रिकामा विसळते. भांडण झालेली जाऊसुद्धा डबा आणते. ह्या बाईकडं मोठी कापडी पिशवी होती, खांद्याला, अगदी हलकी. ती ना कधी उघडली, ना तिला लसणाच्या चटणीचा वास होता.

तिनं डोळे उघडले. सातव्या खाटेवर सृष्टी जेवून कुशीवर झोपली होती. शेजारची जागा रिकामी होती.

बाई मागच्या जिन्याच्या दाराशी पोचली होती. दुपट्यातून छोटी मूठ बाहेर आली होती. संयोगिता धावली की नुसती पोचली, ते तिला नंतर आठवेना.

"कुठं नेताय?"

"ऊन दाखवाया. पिवळी दिसती ना वो पोर."

त्या जिन्यात कुठल्याच वेळी ऊन नसे.

"द्या इकडं. वजन करायचंय."

"वजन सकाळीच केलंसा की, सिस्टर."

ते खरं होतं. एवढं हिला कसं माहीत, हा प्रश्न नंतर आला. आधी हात पुढं गेले. बाईनं बाळ दिलं, पण बोटं सुटायला वेळ लागला. तेवढ्यात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पकडलं गेल्याचं होतं की कसल्या जुन्या दुःखाचं, ह्याचा संयोगिताला काहीच अंदाज येईना. नेमकं आताच मन गप्प बसलं होतं.

तिनं वळून दरवाजावरच्या रखवालदाराला, बाळासोला, हाक मारली. तो येईपर्यंत जिना रिकामा झाला होता. खाली फाटकावर फोन लावतो, म्हणून तो पळाला.

"त्या मावशी कुठं गेल्या?" सृष्टी उठून बसली होती. घडलेलं ऐकता ऐकता तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग रागावला. "आवं, काल रातभर पोर रडत हुती, तवा त्यांनीच मांडीवर घेतली. तुमी हाकललं त्यास्नी? तुमी लय संशयी हायसा बघा."

कालची रात्रसुद्धा... म्हणजे मी इथं असताना. सांगायला संयोगिताजवळ काय होतं? एक तीट, एक न आणलेला डबा. धैर्यशील पोट धरून हसला असता. कदाचित त्यानं हसावं असंच ते होतं. कदाचित एका दुखावलेल्या बाईच्या कुशीतून तिनं घटकाभरचं सुख ओढून घेतलं होतं. हे कळणार नव्हतं, आज नाही, बहुधा कधीच नाही. दमलेल्या अंगात तेवढंच एक ओझं आणखी.

"व्हय," ती म्हणाली. नोकरी लागल्यापासून वॉर्डात कधी न बोललेली, म्हसवडची बोली तोंडात आली. "हाय मी तशी."

बाळ आईच्या कुशीत देऊन तिनं खुर्ची ओढली आणि मागच्या जिन्याच्या दारात आडवी टाकून बसली. पोटातला खड्डा अजून तसाच होता. तिचा हात सवयीनं खिशाकडं गेला, गोळीला लागला, आणि तसाच परत आला.