खाखऱ्याचा उपवास

"डॉक्टरबेन, ऑपरेशननंतर हा 'तो'च राहील की 'ती' होईल?"

मित्रांनो, हा प्रश्न माझ्याविषयी होता. तो विचारला गेला तेव्हा दवाखान्यात आठ-नऊ माणसं, दोन मांजरं आणि एक पोपट एवढी मंडळी बसली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोपटानं तर मान वाकडी करून पाहिलं.

विचारणारी होती मोक्षा, माझी मालकीण, इयत्ता नववी. रिद्धी आणि हेत्वी या मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायचं, नाहीतर महिनाभर शाळेबाहेरची दाबेली त्या दोघी खाणार आणि हिनं नुसतं बघायचं. वर्षापूर्वीची मोक्षा मुकाट्यानं दाबेली सोडून मोकळी झाली असती. तेव्हा हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. पण यंदा शाळेच्या नाटकात तिनं राजाचं काम केलं आणि तेव्हापासून तिच्या घशाला जणू चाकं लागली होती.

डॉक्टर परमारबेन अजिबात हसल्या नाहीत. "तोच राहील," त्या म्हणाल्या, "फक्त मस्ती उतरेल. चांगला प्रश्न आहे. इथं बऱ्याच जणांच्या मनात होता, विचारलास तू एकटीनंच."

झालं! मोक्षा जी उडाली ती थेट दाराबाहेर, मैत्रिणींना सांगायला. पुढच्या सूचना ऐकायला उरले पप्पा, आणि पप्पांच्या कानाला होता फोन. सगळा घोळ तिथंच झाला. पण तो सांगण्याआधी माझी ओळख करून देतो.

मी एक जुनाजाणता ससा आहे. आता सहा वर्षांचा आहे, तेव्हा एक वर्षाचा होतो. रंग भाजलेल्या खाखऱ्यासारखा, वर तपकिरी ठिपके, म्हणून नाव खाखरा. अमदावादला, पालडीत, चेतनभाई शाहांच्या घरी तिसऱ्या मजल्यावर राहतो. चित्रांतले ससे गाजर खातात. मी मात्र आजवर गाजर पाहिलेलं नाही. कांदा, बटाटा, गाजर, जमिनीखाली वाढणारं काहीच आमच्या जैन घरात येत नाही. बा, म्हणजे मोक्षाच्या आजी, तर सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. या नियमाला चौविहार म्हणतात. बांनी तो मलाही लावला होता. "खाखरा आपल्या घरचा आहे ना? मग घरच्यासारखं राहायचं," असं म्हणून त्या दिवेलागणीला माझं गवत उचलून ठेवत. पिंजऱ्याखाली सांडलेल्या काड्यांवर मी रात्र काढत असे. हे त्यांना अजूनही माहीत नाही. तुम्ही सांगू नका.

वर्षाचा झालो आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मोक्षाच्या पायांभोवती गरगर फिरायचं, हात पुढे केला की चावायचं, आणि जे जे आपलं वाटेल त्यावर फवारा मारायचा. सोफा माझा. मोक्षाचं दप्तर माझं. एका सकाळी पप्पांचं पूजेचं पांढरंशुभ्र धोतरही माझं झालं.

"रूपल!" पप्पा मम्मीला हाक मारत ओरडले. "एक तर याचं ऑपरेशन, नाहीतर पांजरपोळ! दोन्हींतलं एक ठरवा!"

"जिवाला सुरी लावायची?" बा कळवळल्या.

"बा, तिकडे पाठवला तर याला ओळखणारं कोण आहे?" मोक्षा म्हणाली.

पांजरपोळ वाईट नसतो, मित्रांनो. तिथं लंगड्या गाई, म्हातारे घोडे सुखानं राहतात. पण तिथं मोक्षा नव्हती. मला नेमकी तिच्याच कुशीत झोप येते. म्हणून ऑपरेशन ठरलं, आणि त्या पैजेच्या दिवशी आम्ही परमारबेनकडे तपासणीला गेलो.

घरी आल्यावर मम्मीनं विचारलं, "काय काय करायचं सांगितलं?"

"उपासाचं काहीतरी म्हणत होत्या," पप्पा म्हणाले.

बांचा चेहरा उजळला. ऑपरेशन त्यांच्या मनाविरुद्ध होतं, पण उपवास मनासारखा होता. चातुर्मास चालू होता, त्यांचा स्वतःचाही त्या दिवशी उपवासच होता. "माझ्याबरोबर याचाही एक होऊन जाईल," असं म्हणत त्यांनी गवत तर उचललंच, पिंजऱ्याखालच्या काड्याही झाडून घेतल्या. पाण्याची वाटीसुद्धा गेली. मी रात्रभर पिंजऱ्यातल्या टोपलीचा वेत कुरतडत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला गेलो, तेव्हा परमारबेननी विचारलं, "काय खाऊन आलाय?"

"काही नाही!" पप्पा छाती फुगवून म्हणाले. "पाणीसुद्धा नाही. चोख चौविहार उपवास!"

परमारबेननी कपाळाला हात लावला. "चेतनभाई, ससा आहे हा. श्रावक नाही! मी तुम्हाला काय म्हटलं होतं? उपास घडवू नका!"

पप्पांनी 'उपास' ऐकलं होतं. 'नका' फोननं खाल्लं होतं.

"माणसाला भूल देताना उलटी होईल म्हणून उपाशी ठेवतात," डॉक्टरबेन म्हणाल्या. "सशाला उलटी होतच नाही. उलट त्याच्या पोटाचं जातं सतत फिरत राहायला हवं. ते थांबलं तर जिवावर बेततं. आज ऑपरेशन नाही. घरी न्या, पोटभर खाऊ घाला, उद्या खाता खाता घेऊन या."

मोक्षा लाल झाली. सूचना चालू असताना आपण दाराबाहेर फुशारक्या मारत होतो, हे तिला आठवलं. तिनं विज्ञानाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि म्हणाली, "डॉक्टरबेन, सगळं परत सांगा. या वेळी मी लिहून घेते." आणि तिनं खरंच शब्द न् शब्द लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी गवत चघळतच आत गेलो. मग डोळ्यांवर धुकं आलं. जाग आली तेव्हा दुपार होती, आणि मी घरी, मऊ टॉवेलवर होतो. मोक्षानं लाकडाचा भुसा काढून टाकला होता, तो जखमेला चिकटतो म्हणून. कुशीला कोमट पाण्याची बाटली होती, तीही कापडात गुंडाळून. दुखण्याचं औषध परमारबेननी दिलं होतं तेवढंच, थेंब मोजून.

पण मला खावंसंच वाटेना. गवत पुढे आलं, मी तोंड फिरवलं. पाच वाजले, सहा वाजले. वहीत लाल शाईनं लिहिलं होतं, 'खाल्लं नाही तर वाट बघत बसू नका, फोन करा.' मोक्षानं फोन केला. तिचा आवाज कापत होता, तरी तिनं सगळं नीट सांगितलं. "अजून अर्धा तास प्रयत्न कर," डॉक्टरबेन म्हणाल्या. "वासाचं काहीतरी ओठांशी धर. तरीही नाहीच खाल्लं, तर उचलून घेऊन ये."

तोवर सूर्य मावळला होता. चातुर्मासात आमच्या स्वयंपाकघरात हिरवं पान येत नाही. माझ्यापुरती कोथिंबिरीची एक जुडी तेवढी गॅलरीत ठेवलेली असे. मोक्षानं बांकडे पाहिलं. मम्मीनंही बांकडे पाहिलं.

बा उठल्या. गॅलरीतून जुडी घेऊन आल्या, गुडघ्यावर हात टेकत माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि स्वतःच्या हातानं एक काडी माझ्या ओठांशी धरली.

"बा, तुझा नियम?" मोक्षा कुजबुजली.

"नियम माझा आहे, त्याचा कुठं?" बा म्हणाल्या. "खा रे बाबा. नाटकं करू नकोस. मी नाही जात इथून."

कोथिंबिरीचा वास थेट डोक्यात गेला. मी एक पान ओढलं. मग दुसरं ओढलं. मोक्षा रडायलाच लागली. मम्मी म्हणाली, "आता हसायचं असतं, वेडे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा एका मोठ्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांचं टॉवेलकडे लक्ष गेलं आणि ते ओरडले, "लेंडी टाकली! टाकली, टाकली!" पलीकडच्या शेठना काय वाटलं असेल, देव जाणे. पण मित्रांनो, एका लेंडीसाठी अख्ख्या घरानं टाळ्या वाजवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

पुढचे आठ दिवस मोक्षा सकाळ-संध्याकाळ माझे टाके बघत होती. सूज आहे का, ओल आहे का, मी चाटतोय का, सगळं वहीत टिपत होती. उड्या बंद होत्या, सोफा बंद होता. रिद्धी-हेत्वी बघायला आल्या तर त्यांनाही तिनं सांगितलं, "उचलायचं नाही. लांबून लाड करा." दिवेलागणीला बा आता गवत उचलत नव्हत्या, वर आणखी एक मूठ टाकत होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरी ससा असेल तर माझं एवढं ऐका. आम्हाला दुखलं तरी आम्ही ओरडत नाही. आम्ही फक्त खायचं थांबवतो. तेव्हा आमचं ताट रोज बघत जा. आणि डॉक्टर बोलत असतील तेव्हा फोन खिशात ठेवा.

नवव्या दिवशी मात्र माझ्याकडून चूक झाली. अंगातलं वारं अजून पुरतं उतरलं नव्हतं. पूजेचं धोतर वाळून खुर्चीवर पडलं होतं. मी गेलो, आणि ते पुन्हा माझं झालं.

"बस!" पप्पा धोतर उंच धरून म्हणाले. "ऑपरेशन झालं, टाळ्या झाल्या, तरी हे आहेच! रविवारी पांजरपोळ. आता कोणी मध्ये बोलायचं नाही."

मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो. मोक्षा आत गेली आणि वही घेऊन आली.

"पप्पा, मस्ती उतरायला सहा आठवडे लागतात. परमारबेननी सांगितलंय. आज नववा दिवस आहे."

"मला नाही कोणी सांगितलं."

"तुम्हालाच सांगितलं होतं."

"उपासासारखंच ऐकलं असेल," मम्मी म्हणाली. बांनी पदर तोंडाला लावला.

पप्पांनी धोतर खाली केलं, पण चेहरा तसाच ठेवला. मोक्षानं मला हळूच उचललं, पोटाला हात लागणार नाही असं, आणि दोघांच्या समोर उभी राहिली. तिचं काळीज माझ्या कानाशी धडधडत होतं. आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा होता.

"पप्पा, मम्मी, खाखरा कुठंही जाणार नाही. सहा आठवडे तो माझ्या खोलीत राहील. फरशी मी पुसेन, धोतर मी धुईन, आणि सहा आठवड्यांनंतरही तो इथंच असेल. मी विचारत नाहीये. सांगतेय."