म्हातारीचा लांब हात

फटिकला कलकत्त्याची हवा लागली ती लागलीच. माझ्या धाकट्या दिराचा पोरगा. दोन वर्षं तिकडच्या चित्रशाळेत काढून आला आणि आता आमच्या पटुआपाड्यातल्या, म्हणजे पट रंगवून गाणाऱ्यांच्या वस्तीतल्या, पोरांना माणसं काढायला शिकवतो. शिकवतो कसला, छापील आकृत्या कागदाखाली ठेवून गिरवून घेतो! बारा पोरं, बारा पट, सगळे एकाच साच्यातले. मला काकी म्हणतो, पण विचारत काही नाही.

तेरावी माझी नात टगर, नऊ वर्षांची, तिनं गिरवलं नाही. मनानं काढलं. तर चारचौघांत तिला म्हणाला, "माणूस आपल्याच डोक्याच्या मापानं साडेसात डोकी उंच असतो. तुझी सगळी वेडीवाकडी. पट दाखवायला मेळ्याला तू यायचं नाहीस." पोरगी घरी आली ती पट चुलीत घालायलाच निघाली. मी मनगट धरलं आणि तशीच तिला त्याच्या ओसरीवर नेली.

गोष्ट सगळ्यांना एकच दिलेली. गेल्या हिवाळ्यात भातात हत्ती उतरला आणि एका म्हातारीनं डबा बडवून त्याला हाकलला, ती. आमच्यात आधी गाणं बसतं, मग चित्र. पट उलगडत जायचा, चित्रावर बोट फिरवायचं आणि गायचं. यानं चित्रं आधी उरकली. गाणं म्हणे नंतर बघू.

"हारू, गा बघू," ओसरीवर बसलेल्या त्या बारातल्या एकाला मी म्हटलं.

हारूनं पट उलगडला. बोट पहिल्या चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर गेलं, तिसरीवर अडलं.

"आजी, हत्ती म्हातारीच्या मागे लागलाय, की म्हातारी हत्तीच्या?"

"मला काय विचारतोस? मास्तरला विचार."

फटिक वाकून बघायला लागला. छापील हत्तीचं तोंड डावीकडे, म्हातारीचंही डावीकडे. दोघं एकाच बाजारला निघाल्यासारखे.

"खाली दोन ओळी लिहून टाकू, काकी."

"सात पिढ्यांत आपण चित्राला चिठ्ठी चिकटवली नाही, बाबा. टगर, उलगड."

तिनं गाणं आधीच मनाशी जुळवलं होतं, ती गायला लागली. पहिल्या चौकटीत भात, दुसरीत हत्ती. तिसरीत म्हातारी, हत्तीच्या तोंडासमोर उभी, आणि तिचा हात निघाला तो चौकट ओलांडून थेट हत्तीच्या कपाळापर्यंत. हातात हा एवढा डबा. गाणं तिथं आलं तशी मागची चिल्लीपिल्ली पुढे सरकली आणि ठण ठण करायला लागली.

"एवढा लांब हात असतो का कुणाचा?" फटिक म्हणाला.

टगर गाणं थांबवून म्हणाली, "हत्तीला सोंड आहे. म्हातारीला कुठंय? मग पोचायचं कसं तिनं?"

"आणि डबा?"

"लहान डब्याला हत्ती भितो होय, काका?" हे हारूनंच सांगून टाकलं.

पोरं खिदळली. फटिकचे कान तांबडे झाले. "मेळ्याला दिल्लीचे लोक येणार आहेत, काकी. हसतील आपल्याला."

"हसू देत की! हसायला आधी गोष्ट कळावी लागते. तुझ्या पटापुढं हसायलाही कुणी थांबायचं नाही. आता ऐक, फटिक. मेळ्यात पुढच्या चटईवर टगर बसेल. तू तिच्या मागं बसायचं आणि गाणं पाठ करायचं. ते मला म्हणून दाखवल्याशिवाय या पाड्यातल्या एकाही पोराच्या हातात तू कुंचला द्यायचा नाहीस."