आठच कनेक्शनं

सोपानचं ओतूरला विहिरीवरच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान. मोटार पुढ्यात ठेवा, नुसत्या वासावरून काय बिघडलंय ते सांगेल. पण त्या सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरपुढं बसून गड्याला घाम फुटला होता.

कारणही तसंच होतं. त्याच्या आईचा, अंजनाबाईंचा आवाज पाच वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनात कायमचा गेला. सोपानची पोरगी संस्कृती चार वर्षांची. तिनं आजीला बोलताना कधी ऐकलंच नाही. आणि ही बाई एकेकाळी भलरी गायला लागली की शेजारच्या रानातल्या बाया खुरपी थांबवून ऐकत बसायच्या. घरात तिच्या गाण्याची एकच कॅसेट होती. तिच्यावर ह्या शहाण्यानं कॉलेजात असताना वरातीची गाणी भरली. आई त्यावरून कधी एका शब्दानं बोलली नाही, तेच त्याला जास्त लागायचं.

आई गात होती त्या काळी तिची गाणी टेपवर टिपून नेणारे एक परदेशी अभ्यासक मोठ्या खटपटीनं गेल्या आठवड्यात फोनवर सापडले. त्यांची प्रत केव्हाच गहाळ झालेली. पण दोन हजार अकरा साली त्यांनी ती गाणी एका न्यूजग्रुपवर टाकली होती. न्यूजग्रुप म्हणजे इंटरनेटवरची जुनीपुराणी चावडी. तिथं टाकलेलं तुकड्यातुकड्यांत वर्षानुवर्षं पडून राहतं. त्यांनी तुकड्यांची यादी धाडली. ते उतरवून घ्यायला सर्व्हरवर खातं लागतं, म्हणून सोपाननं तीन दिवसांचं फुकटातलं खातं काढलं. आज तिसरा दिवस. सर्व्हरचं नाव, पोर्ट, पासवर्ड सगळं भरलं, तरी गाणी उतरवणाऱ्या प्रोग्रामचं एकच, सर्व्हरनं जोडणी नाकारली. पासवर्ड अकरा वेळा भरून झाला. गाणी तिथूनही गेली की काय, असं त्याला वाटायला लागलं.

शेवटी कळंबला दिलेल्या बहिणीला, अश्विनीला फोन लावून सगळं सांगितलं. तिची नोकरी कॉम्प्युटरवरचीच.

"दादा, सर्व्हरला एका वेळी जोडायची कनेक्शनं किती टाकलीस?"

"पन्नास. म्हणलं, लवकर उतरंल."

"आणि खात्याला किती दिल्यात?"

सोपाननं मेल उघडून बघितला. "आठ."

"मग? मोटारी जाळून आणणाऱ्यांना तू रोज काय सांगतोस रं?"

एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्या शिवाराच्या मोटारी एकदम लावल्या की डीपी उडतो, मग कुणालाच पाणी न्हाई, हे गिऱ्हाइकांना शिव्या घालून सांगणारा सोपानच की. त्यानं पन्नास खोडून आठ केली आणि तपासणीचं बटण दाबलं. जोडणी झाली. तुकडे एकामागून एक उतरायला लागले. सगळे शाबूत होते. सोपान खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "मिळाली गं, सगळी मिळाली." फोनवर अश्विनी मुसमुसत होती.

गाणी मोबाईलवर घेऊन तो तडक घरी गेला. अंजनाबाई मेथी निवडत होत्या, संस्कृती शेजारीच. त्यानं गाणं लावलं. खणखणीत, भरल्या गळ्याचा आवाज घरभर झाला. अंजनाबाईंचे हात थांबले.

"पप्पा, कोन गातंय?" पोरीनं विचारलं.

अंजनाबाईंनी स्वतःच्या छातीवर बोट टेकलं.

पोरीनं एकदा मोबाईलकडं बघितलं, एकदा आजीकडं. मग मोबाईल तिथंच सोडून ती आजीच्या मांडीवर चढली आणि गाणं संपेपर्यंत तिच्या गळ्याला कान लावून बसली.