तिसऱ्या फुग्यातली लाल गाडी

दुधाच्या टँकरवाल्याच्या हॉर्नवर माझा राग होता. दोनच हॉर्न, तेही छोटे. पोंप, पोंप. सकाळी पावणेआठला मागच्या वळणावरून ते ऐकू आले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण ते माझ्या बायकोसाठी असायचे.

आधी रस्ता सांगतो. एका वेळी एकच गाडी जाईल एवढाच आहे. एका अंगाला दगडी बांध, दुसऱ्या अंगाला नाला. मध्ये मध्ये तो जरा रुंद केलाय, म्हणजे एकानं तिथे थांबायचं आणि दुसऱ्यानं निघून जायचं. आम्ही ड्रायव्हर लोक त्या जागेला फुगा म्हणतो. समोरासमोर आलं तर ज्याच्या मागे फुगा जवळ, त्यानं मागे जायचं, आणि दुसऱ्यानं जाताना हात करायचा. असा नियम. पण मी चाळीस माणसांची बस चालवतो, एकवीस वर्षं झाली. मला कसला नियम? समोर कोणी आलं की मी लाईट मारायचो आणि ढिम्म उभा राहायचो. माझा रिव्हर्स गियर अजून कोरा करकरीत आहे, असं स्टँडवर छाती काढून सांगायचो.

बायको नर्स आहे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची ड्रेसिंग करते. गाडी तिला मीच शिकवली. मी पहाटेच बस घेऊन शेवटच्या गावाला जातो, आणि परत येताना ती समोरून येते. गेलं वर्षभर मला रोज काय दिसायचं? तिसऱ्या फुग्यात पुढे टँकर उभा, मागे तिची छोटी लाल गाडी, आणि टँकरवाला तिच्या खिडकीशी वाकून बोलतोय. सगळे त्याला हसरा म्हणतात. हसायला काय जातंय मेल्याचं! मी बस घेऊन पुढे गेलो की पाच मिनिटांत मागून ते दोन हॉर्न यायचे.

“वहिनींची सभा भरलीय आज पण,” कंडक्टर म्हणायचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, म्हणून वाचला.

एकदा घरी विचारलंच. “रोज तिथे काय करतेस?”

“रस्ता मोकळा व्हायची वाट बघते.”

“आणि तो?”

“तोही.” मग भांडी पुसता पुसता म्हणाली, “फार सभ्य माणूस आहे हो.”

सभ्य! वीस वर्षांच्या संसारात हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी ठरवलं, आज दोघांना रंगेहाथ पकडायचं. बसवर बदली ड्रायव्हर होता. मी स्कूटर काढली, आडवाटेनं तिसरा फुगा गाठला आणि बांधाच्या आड उभा राहिलो. काय बोलायचं, कोणाची कॉलर धरायची, सगळं ठरलेलं होतं.

लाल गाडी आली. थांबलीच नाही. खिडकी उघडी, बाईसाहेब चक्क गुणगुणत होत्या. पुढे वळणाशी बस समोर आली, तर तो बदली ड्रायव्हर गुपचूप बस मागे घेत गेला. हिनं हसून हात केला आणि निघून गेली. माझ्या घरात ती इतकी मोकळी शेवटची कधी हसली होती, मला आठवेना.

मागोमाग टँकर आला. मी रस्त्यातच आडवा उभा राहिलो.

“काय, आज चुकामूक झाली वाटतं?” मी म्हणालो.

हसरा खाली उतरला. “कोणाची?”

“माझ्या बायकोची आणि तुझी. रोज थांबते ना इथे?”

“आज कशाला थांबतील?” तो म्हणाला. “आज तुमची सुट्टी ना.”

माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. तो पहिल्यांदाच हसत नव्हता.

“त्या माझ्यासाठी थांबत नाहीत हो. तुमची बस जाईपर्यंत थांबतात. गेल्या वर्षी या वळणावर तुम्ही दोघं समोरासमोर आला होता. तुमच्या मागे फुगा वीस पावलांवर होता. तरी तुम्ही त्यांना मागे जायला लावलंत.”

आठवलं. खिडकीतून डोकं काढून मी ओरडलो होतो, “शिकवलंय ना तुला, घे मागे! अख्खी बस बघतेय!” चाळीस माणसं खिदळत होती. तिचं मागचं चाक नाल्यात घसरलं, मला जागा झाली, आणि टाईम झाला म्हणून मी बस काढली. संध्याकाळी तिनं विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.

“गाडी मी ओढून काढली,” हसरा म्हणाला. “त्या परत स्टिअरिंगवर बसायला तयार नव्हत्या. तेव्हापासून बस गेली की मी पुढे जाऊन वळण बघतो आणि दोन हॉर्न देतो. म्हणजे रस्ता मोकळा आहे, या.”

मी स्कूटर घेऊन घरी आलो. तिला काय सांगणार, कप्पाळ!

दुसऱ्या दिवशी वळण घेतलं तर समोर तेच, पुढे टँकर आणि मागे लाल गाडी. मी बस थांबवली आणि रिव्हर्स टाकला. गियर करकरला.

“अरे बापरे, आहे की गियर!” कंडक्टर म्हणाला. मी आरशात बघत मागे गेलो. वळणाआड चौथ्या फुग्यात बस नीट लावली आणि दोन हॉर्न दिले. छोटे.

ती आली नाही.

परत दिले. प्रवासी घड्याळं बघायला लागले. मग वळणावर टँकरचं तोंड दिसलं. हसऱ्यानं उभ्या बसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन हॉर्न दिले. पोंप, पोंप.

लगेच लाल गाडी आली.

इतका जळलो मी, की स्टिअरिंग चावावंसं वाटलं. टँकर गेला. ती माझ्या खिडकीखालून गेली तेव्हा तिची नजर रस्त्यावरच होती. एक हात जरा वर झाला, कुठल्याही ड्रायव्हरला करतात तसा.

मीही हात केला.