खांबावरचे ठोके

निजामोद्दीनने हातातला पाना विजेच्या लोखंडी खांबावर दोनदा आपटला आणि तो समोरच्या पत्र्याच्या घराकडे पाहत थांबला. थोड्या वेळाने त्या घराच्या दारातून एक हात बाहेर आला, पिठाने माखलेला, तळवा उघडा. तेव्हा कुठे तो बसमध्ये चढला आणि त्याने नव्या भोंग्याचे बटण दाबले.

आवाज आधी छातीत उतरला, मग कानांत शिरला. तारेवरचे कावळे उडाले.

"मिस्त्री," बसचा ड्रायव्हर माणिकप्पा म्हणाला, "देवळातबी एकदाच घंटा वाजवतेत. तुमी वाजवायच्या आधीबी वाजवायलात."

"तुला न्हाई कळायचं," निजामोद्दीन म्हणाला आणि साबणाच्या पाण्याचा मग घेऊन पुन्हा बसखाली शिरला.

न कळण्यासारखे त्यात फारसे नव्हते. समोरच्या घरात साखराबाई राहत असे. तेरणाकाठच्या तिच्या गावात भूकंपाच्या आधी कितीतरी महिने जमिनीखालून गुरगुर ऐकू येई. सुरुवातीला लोक दचकून अंगणात धावत. पुढे जाणत्या माणसांनी घाबरण्याचे कारण नाही असे समजावले आणि लोक समजूतदारपणे झोपू लागले. शेवटच्या पहाटेही आवाज आला. ती उठून बसली तेव्हा नवरा कूस बदलून म्हणाला, "रोजचंच हाय, झोप." तिने धाकट्या सिंधूला कडेवर घेतले आणि पाणी प्यायच्या निमित्ताने ती अंगणातल्या रांजणापाशी गेली. त्या निमित्तावर दोघी वाचल्या. नवरा आणि थोरला मुलगा समजूतदार होते. दगडमातीच्या माळवदाखालून त्यांना इतरांनी बाहेर काढले.

पुनर्वसनात तिला घर मिळाले, पण त्याला स्लॅब होता. ती लातुरात आली, या गल्लीत पत्रे टाकून राहिली आणि शिकवण्यांसाठी आलेल्या मुलांना जेवू घालू लागली. जिल्ह्याच्या नावाला चिकटलेला ढिगारा एव्हाना उपसला गेला होता. त्या जागी गुणवत्ता यादी रचली जात होती, आणि ही रचना मात्र अत्यंत पक्क्या पायावर चालली आहे याविषयी कोणालाही शंका नव्हती. तीन मजली वसतिगृहे उठली. खिडक्यांना जाळ्या बसल्या. सिंधू मोठी होऊन मुखेडला सासरी गेली. साखराबाईच्या घराला कडी मात्र कधी लागली नाही, आणि जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला वाढण्याआधी ती एकच नियम सांगे: आवाज आला की ताट सोडायचं अन् भायेर पळायचं. मुले हसत आणि भाकरी मागत.

निजामोद्दीनने गल्लीत दुकान मांडले आणि एका ट्रकला पहिला हवेचा भोंगा बसवून वाजवला, तेव्हा ती जेवणाऱ्या मुलांना दंडाला धरून ओढत रस्त्यावर आली होती. गल्ली आठवडाभर हसली. तो हसला नाही. त्याने तिला ओट्यावर बसवून पाणी दिले आणि ठरवून टाकले की भोंगा वाजवण्याआधी खांबावर पाना वाजेल. पाना वाजला म्हणजे पुढचा आवाज माणसाचा. न वाजता आला, तर जमिनीचा. रिक्षांच्या आणि गाड्यांच्या नेहमीच्या हॉर्नचे तिला काही वाटत नसे. खोल, घुमणाऱ्या आवाजाचे वाटे, आणि तसा आवाज गल्लीत फक्त त्याच्याच दुकानातून निघे. "पाना ऐकला, आता वाजव," असे सांगायला ती दारातून हात बाहेर काढी. त्या हाताशिवाय त्याने आजवर बटण दाबले नव्हते. दोघांच्या या व्यवहाराला मैत्री म्हणावे असे दोघांनाही कधी सुचले नाही.

आजची बस अण्णाराव सरांची होती. सरांच्या शिकवणीच्या बसेस उजाडताना वसतिगृहांच्या दारांत उभ्या राहत आणि मुले उतरायला वेळ लावीत. विज्ञानाचे अध्यापक असल्यामुळे सरांनी प्रश्नाचे मूळ शोधले होते: मुले झोपत होती. त्यावर त्यांनी उपायही शोधला होता.

"तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचं पांघरूण उडालं पाहिजे, मिस्त्री," ते म्हणाले होते. "रेल्वेच्या इंजिनासारखा आवाज काढा."

असा भोंगा कायद्यात बसत नव्हता, पण तो बसमध्ये व्यवस्थित बसत होता, आणि सरांच्या मते आधी दुसरी गोष्ट पाहायची असते.

निजामोद्दीनने कामात कसर ठेवली नाही. माणिकप्पाने सुचवले की ब्रेकच्या टाकीतूनच हवा घेऊ, एका पाईपात भागेल, सगळे तेच करतात. निजामोद्दीनने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने विषय बदलला. भोंग्याचा पाईप फाटला आणि ब्रेकची हवा गेली तर बसमधल्या लेकरांचे काय, हे त्याला बोलून दाखवावे लागले नाही. त्याने वेगळा कॉम्प्रेसर लावला, वेगळी टाकी लावली. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, मगच बाकीच्या वायरींना हात लावला. फ्यूज बॅटरीजवळ बसवला, बटणावर भार येऊ नये म्हणून मध्ये रिले घातला. पाईप सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर नेऊन पट्ट्यांनी आवळला. भोंग्याच्या कर्ण्यांची तोंडे जराशी खाली वळवली, पावसाचे पाणी आत साचू नये म्हणून. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी टाकून बुडबुडा येतो का ते पाहिले. एकही आला नाही.

त्याच्याकडे आखूड कर्ण्यांची जोडीही होती. तिचा आवाज बारीक, शिट्टीसारखा, आणि तिनेही पोरे उठली असती. लांब कर्णे त्याने स्वतः निवडले होते. असे काम पुन्हा हातून होणार नाही, असे ते बसवताना त्याला वाटले होते. कारागिराला असे वाटते तेव्हा त्याच्या आसपासच्या माणसांनी जपून राहावे.

संध्याकाळी बस न्यायला सर आले. निजामोद्दीनने हात पुसत पुसत विषय काढला. म्हणाला, गल्लीत जरा वाजवू नका, समोरची मावशी भूकंपातली आहे.

"भूकंप होऊन किती वर्षं झाली, मिस्त्री," सर म्हणाले. "आता लातूर म्हटलं की लोक निकाल विचारतात." मग ते भोंगा वाजवून पाहायला बसमध्ये चढले. त्यांचे बोट बटणावर जाण्याआधी निजामोद्दीन पाना घेऊन खांबाकडे धावला आणि त्याने ठोके दिले. दारातून हात आला. सरांनी तिकडे न पाहताच बटण दाबले.

माणिकप्पाला सांगावे, हे त्याच्या मनात आले होते. गल्लीत शिरलास की आधी थांब, उतर, खांबावर काहीतरी वाजव. वाक्य मनात जुळवताना ते त्यालाच हास्यास्पद वाटले. ड्रायव्हर हसेल, या भीतीने त्याने ते गिळले. सरांच्या बाकी बसेसची कामे याच दुकानात येणार होती, हेही तेव्हा त्याच्या मनात होते. नव्हते असे त्याने पुढे स्वतःला पटवून पाहिले, पण जमले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बस गल्लीत आली. निजामोद्दीन घरी चहा पीत होता. त्याचे घर दुकानाच्या मागेच होते. आवाज झाला तेव्हा त्याच्या हातातली बशी कलंडली आणि बायको रहमतबी म्हणाली, "तुमचाच भोंगा न्हवं?" तो अनवाणी बाहेर धावला.

साखराबाईने तव्यावरची भाकरी तशीच सोडली होती. तिच्या कानांनी ठोक्यांची वाट पाहिली होती. ते आले नव्हते. म्हणजे हा खरा. "भायेर या," असे ओरडत ती छताखालून मोकळ्या जागेत धावली. गल्लीत मोकळी जागा म्हणजे रस्ताच. माणिकप्पाने बस हळू केली नव्हती. भोंगा दिल्यावर कशाला करायची?

"मी तर वाजवला व्हता," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "सगळ्यांनी ऐकला की." ब्रेक ऐनवेळी उत्तम लागले. त्यांतली हवा कोणी चोरली नव्हती. म्हणून ती वाचली, खुब्याचे हाड तेवढे मोडले. निजामोद्दीनच्या कामामुळे तिचा जीव वाचला आणि निजामोद्दीनच्याच कामामुळे ती चाकापर्यंत आली, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

तिला दवाखान्यात नेल्यावर अण्णाराव सर आले. त्यांनी निजामोद्दीनला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले की पोलीस बस बघायला येतील, तो भोंगा काढून साधा हॉर्न लावून द्या. बाईवर पूर्ण उपचार आपण करू, चांगल्यात चांगले, त्याची काळजी नको.

निजामोद्दीनने भोंगा काढला. आधी निगेटिव्ह वायर सोडवली. टाकीतली हवा हळूहळू सोडून दिली. पाईपांची टोके बांधली, मोकळ्या वायरींना टेप गुंडाळला. बसवतानाची सगळी दक्षता काढतानाही पाळली गेली. पोलिसांना बसवर एक साधा, शालीन हॉर्न आढळला.

मग गल्लीचे मत तयार व्हायला वेळ लागला नाही. वसतिगृहातल्या मुलांना परीक्षा होती आणि सरांच्या शिकवणीत बसायचे होते. त्यांना नेमके काही आठवेना. शेजाऱ्यांनी आवाज ऐकला होता, पण इतका मोठा होता का, हे त्यांना सांगता येईना. बाई पहिल्यापासून तशीच, हे मात्र सर्वांना सांगता येत होते. चार दिवसांनी कोणीतरी म्हणाले की तिला भास झाला. पुढे तसेच ठरले. ज्या बाईने सबंध आयुष्यात एकदाही नसलेला आवाज ऐकला नव्हता, तिला आता ऐकू येण्याचाच आजार असल्याचे निदान झाले.

मुखेडहून सिंधू आली. निजामोद्दीन दुकान उघडत होता, बंद करत होता. ट्रकवाले आले तर काम नाही म्हणत होता. रहमतबीने एकदाच विचारले, "जाऊन आलात का?" नंतर तिने विचारले नाही आणि ताट पुढे ठेवताना त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिची ही अबोल वागणूक त्याला न्याय्य वाटली, आणि म्हणून ती सोसवेना. एका दुपारी तो गेला.

साखराबाई खाटेवर पडली होती, पायाला वजन टांगलेले. सिंधू उशाशी बसली होती. अण्णाराव सर मोसंबीची पिशवी घेऊन उभे होते. सर समजावत होते की वय झाले की असे होते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही, त्यांच्या ओळखीचे मनाचे डॉक्टर आहेत. सिंधू मान हलवत होती. तिने आईला मुखेडला न्यायचे ठरवले होते. एकटे ठेवण्याच्या अवस्थेत ती राहिली नाही, असे तिला सगळ्यांनी सांगितले होते. तिच्या सासरच्या घराला स्लॅब होता.

"या मिस्त्री," सिंधू म्हणाली. "तुमीच सांगा हिला. रात्रंदिस एकच धरून बसलीया. जमीन बोलली म्हनते. किती घरं पडली म्हनून इचारते. काय पडलं न्हाई म्हनलं तर माज्याकडंच बघते."

साखराबाईने मान वळवली. तिने त्याला घरांविषयी विचारले नाही.

"पाना वाजला न्हाई," ती म्हणाली.

निजामोद्दीनच्या खिशात पाना होता. तो नेहमीच असे. त्याने तो काढला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवला, हळू. सिंधूला आणि सरांना त्याचा अर्थ लागला नाही. तिला लागला. आवाज माझा होता, जमिनीचा नव्हता. तुझे कान शाबूत आहेत, माझा पाना राहिला. सगळे त्या दोन ठोक्यांत होते, आणि ज्याची किंमत मोजावी लागत नाही असा तो कबुलीजबाब होता. क्षणभर त्याला हलके वाटले.

साखराबाईचा हात बाहेर आला नाही. तो चादरीवर होता, तो तिने चादरीच्या आत घेतला.

"मला काय सांगतूस," ती म्हणाली. "मला कळालं. हिला सांग."

खोलीत पंखा फिरत होता. सर पिशवीची गाठ सोडू लागले. म्हणाले, "मिस्त्री, पेशंटला बोलायचा त्रास देऊ नका. चला, मीही निघतोच आहे." ते दाराशी जाऊन त्याच्यासाठी थांबले. त्यांच्या बाकीच्या बसेस होत्या, गल्लीतले दुकान होते, टेप गुंडाळलेल्या वायरी होत्या. बेकायदा भोंगा कोणी बसवला आणि पोलीस यायच्या आधी कोणी काढला, हेही होते. सिंधू एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होती.

निजामोद्दीन जागचा हलला नाही. त्याची मान खाली होती आणि पाना हातात तसाच.

मग चादर हलली. साखराबाईने हात बाहेर काढला. त्यावर आता पीठ नव्हते, सुईची पट्टी होती. कोपर खाटेवर टेकवून तिने तो कसाबसा उभा केला, तळवा उघडा, दारातून करायची तसा.

"सिंधूबाई," निजामोद्दीन म्हणाला, "आवाज झाला व्हता. मी बसवला व्हता त्यो." तो सुरुवातीपासून सांगू लागला, लांब कर्णे कोणी निवडले तिथपासून. दाराशी उभे असलेले सर मध्ये काहीतरी म्हणाले. तो थांबला, आणि त्याने खाटेकडे पाहिले.

हात खाली आला नव्हता. तो पुढे सांगू लागला.